इंग्रजीचा वर्ग फोनवर भरवायचा, तर कोणत्या ॲपवर?

गटाची बैठक आटोपते, हप्ते मोजून होतात, सह्या-अंगठे होतात, आणि मग चपला घालता घालता कोणीतरी जे विचारतं तोच बहुतेक वेळा खरा प्रश्न असतो. तलासरी आणि डहाणू तालुक्यांतल्या गटांमध्ये आम्ही समन्वयक म्हणून फिरतो. हल्ली चपला घालताना येणारा प्रश्न असा असतो: "ताई, पोरीला फोनवरून इंग्रजी शिकवायचंय, कोणतं ॲप चांगलं?"

हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनंही येतो. आपल्या पाड्यांवर आता बीए झालेल्या, डीएड झालेल्या सुना आहेत. त्या म्हणतात, "शिकायला आठ-दहा मुली तयार आहेत, पण त्या चार पाड्यांवर पसरल्यात. पावसाळ्यात ओढा भरला की त्या इकडं येत नाहीत आणि मला तिकडं जाता येत नाही. फोनवर वर्ग घ्यायचा तर झूम घेऊ की मीट?" आजचं बोलणं या दोघींसाठी आहे, शिकवणारीसाठी आणि पाठवणाऱ्या आईसाठी.

नावं पुष्कळ आहेत. झूम, गुगल मीट, व्हॉट्सॲप, मायक्रोसॉफ्ट टीम्स, जिट्सी, बिगब्लूबटन. पण टोप विकत घेताना आपण आधी घरची चूल आठवतो, दुकानातला सगळ्यात चकचकीत टोप उचलत नाही. इथंही तसंच आहे. ॲप चांगलं की वाईट हे नंतर बघू. आधी बघायचं, की आपल्या दहा मुलींमध्ये सगळ्यात कमजोर फोन कोणाकडं आहे आणि सगळ्यात वाईट रेंज कोणाच्या पाड्यावर आहे. ती मुलगी ज्या दारातून आत येऊ शकते, ते आपलं ॲप. बाकीच्या नऊ जणी तिथून आपोआप येतात.

हा विचार आमच्या डोक्यातून आलेला नाही, तो आपल्याच मातीतला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वस्तीवरची मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्या वस्तीवर गेल्या आणि तिथल्या अंगणातच शाळा भरवली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. जी मुलं गुरं चारायला जायची त्यांच्यासाठी कुरणात जाऊन शिकवलं, ती कुरणशाळा. पुढं १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि देशभर अंगणवाड्या झाल्या. फोनवरचा वर्ग भरवणारीनंही हेच विचारायचं आहे, की मुलगी आत्ता कुठं आहे आणि वर्ग तिथपर्यंत जातो का.

म्हणून ॲप उतरवून घेण्याआधी एका बैठकीत अर्धा तास फोनची पाहणी करा. वहीत प्रत्येक मुलीसमोर काही गोष्टी लिहायच्या. फोन घरात किती वाजेपर्यंत असतो? आपल्याकडं उंबरगाव, संजाण, वापीच्या कंपन्यांत जाणारा भाऊ किंवा बाप सकाळी फोन घेऊन जातो आणि रात्रीच परत येतो. बाप बोटीवर खलाशी असेल तर फोन कित्येक महिने घरीच नसतो. मग दुपारी चारचा वर्ग कितीही चांगला असो, तो त्या मुलीसाठी नाही. दुसरं, फोनमध्ये जागा किती शिल्लक आहे. नवं ॲप घ्यायला गेलं आणि "जागा नाही" असं आलं, की पोरगी तिथंच थांबते आणि लाजून कोणाला सांगत नाही. तिसरं, रेंज घरात येते का, की टाकीच्या उंचवट्यावर जावं लागतं. आणि चौथं, फोनमधलं जीमेल खातं कोणाच्या नावाचं आहे. हे हसण्यावारी नेऊ नका. पुष्कळ फोनमध्ये हे खातं मोबाइलच्या दुकानदारानं घाईत बनवून दिलेलं असतं, पासवर्ड कोणालाच माहीत नसतो, आणि मुलगी वर्गात आली की पडद्यावर तिच्याऐवजी भलत्याच माणसाचं नाव दिसतं. शिकवणारी म्हणते, हा कोण पुरुष शिरला, आणि बाहेर काढते. खातं आईच्या किंवा मुलीच्या ओळखीच्या नावानं करून घेतलं की हा गोंधळ संपतो. मात्र मुलगी १३ वर्षांहून लहान असेल तर खातंही आईचं आणि व्हॉट्सॲपही आईचंच, कारण या कंपन्यांच्या नियमातच तशी अट आहे.

ही वही हातात आली, की अर्धी नावं आपोआप गळतात.

आता ॲपांकडं येऊ. झूम आणि गुगल मीट ही दोन नावं बहुतेकींनी कोरोनाच्या काळात ऐकली. दोन्ही फुकट वापरता येतात आणि दोन्हींत शंभर जण बसतात, पण शंभर आपल्याला नकोच आहेत. झूमचा फुकटचा वर्ग ४० मिनिटांनी बंद होतो, मीटचा तीन किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटांनी. ४० मिनिटांचं ऐकून लोक नाक मुरडतात. आमचं मत उलटं आहे. परक्या भाषेत ४० मिनिटं कान देऊन ऐकणं आणि बोलणं हे मुलीला पुरेसं दमवतं, आणि ४० मिनिटांनी आपोआप बंद होणारा वर्ग शिकवणारीलाही शिस्त लावतो. वेळ कमी पडत असेल तर मुलीच जास्त झाल्यात असं समजा आणि दोन तुकड्या करा. बोलायचं इंग्रजी शिकवताना सहा ते आठ जणींपेक्षा मोठी तुकडी नको. चाळीस मुलांच्या वर्गात ४० मिनिटांत एकेकीच्या वाट्याला एक मिनिट येतं, आणि तेवढ्यात तोंड उघडेपर्यंतच वेळ संपतो.

झूममध्ये एक सोय इंग्रजीच्या वर्गाला फार उपयोगी आहे. शिकवणारी एका वर्गाच्या छोट्या छोट्या खोल्या करू शकते, आणि हे फुकटच्या झूममध्येही मिळतं. सहा मुली असल्या तर दोन-दोनच्या तीन खोल्या. एकीनं विचारायचं, "व्हॉट इज युवर नेम? व्हॉट डिड यू ईट?" आणि दुसरीनं सांगायचं. सगळ्यांसमोर जी तोंड उघडत नाही ती एका मैत्रिणीसमोर उघडते. फुकटच्या मीटमध्ये अशा खोल्या करता येत नाहीत. अडचण एवढीच, की खोल्या करायचं काम लॅपटॉपवर नीट होतं, शिकवणारीकडं नुसता फोन असेल तर जमत नाही. शिवाय झूमचं ॲप वेगळं घ्यावं लागतं, पण शिकणारीला त्यात खातं काढावं लागत नाही, लिंक दाबली की आत. मीट पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये आधीच असतं, पण तिथं जीमेल खातं लागतं. म्हणजे फोनमध्ये जागा आहे पण खात्याचा घोळ आहे, तर झूम. खातं नीट आहे पण जागा नाही, तर मीट. शिकवणारीकडं लॅपटॉप आहे, तर झूमकडं पारडं जरा झुकतं.

टीम्सचं फुकटचं दार मीटसारखंच ६० मिनिटांचं आहे, पण जुन्या फोनला ते ॲप जड जातं. जिट्सी हे कोणा एका कंपनीच्या मालकीत बंद न केलेलं, कोणालाही वापरता येणारं सॉफ्टवेअर आहे. त्याच्या साइटवर वर्ग उघडणारीला २०२३ पासून खात्यातून यावं लागतं, मुलींना मात्र लागत नाही. बिगब्लूबटन तर खास शिकवण्यासाठीच बनवलं गेलं. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या कार्लटन विद्यापीठात २००७ मध्ये त्याची सुरुवात झाली. त्यात फळा आहे, छोट्या खोल्या आहेत, सगळ्यांनी मिळून लिहायची वही आहे, आणि ॲप न उतरवता ब्राउझरमधूनच आत जाता येतं. ऐकून वाटतं हेच घ्यावं. पण ते चालवायला स्वतःचा सर्व्हर ठेवावा लागतो, आणि सर्व्हर म्हणजे सतत चालू राहणारा मोठा कंप्युटर, त्याचं भाडं आणि सांभाळणारा माणूस. एखाद्या कॉलेजनं किंवा संस्थेनं तो ठेवलेला असेल आणि आपल्याला वर्गाला जागा देत असेल तर आनंदानं जा. गटानं स्वतः त्या भानगडीत पडू नये.

आता खर्चाचं बोलू, म्हणजे डेटाचं. चित्रासकट तासभर वर्ग चालला तर साधारण अर्धा ते एक जीबी जातो. आपल्या घरांत बहुतेक रोज दीड जीबीचा पॅक असतो, आणि त्यावर भावाचं क्रिकेट आणि सासऱ्यांची भजनंही चालतात. कॅमेरा बंद ठेवून नुसता आवाज चालू ठेवला तर तोच तास याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी डेटात होतो. शिवाय रेंज कमी असली की फोन चित्र आणि आवाज दोन्ही ओढायला जातो आणि दोन्ही तुटतात. चित्र बंद केलं की आवाज सुधारतो. इंग्रजी शिकायला चेहऱ्यापेक्षा आवाज जास्त लागतो, म्हणून आम्ही सांगतो: सुरुवातीला दोन मिनिटं कॅमेरे चालू करा, एकमेकींना बघा, हसा, मग मुलींचे कॅमेरे बंद. शिकवणारीनं फळा दाखवायचा असेल तेवढ्यापुरता तिचा चालू. कॅमेरा बंद असण्याचा आणखी एक फायदा आहे. घरात मागं कोणी अंघोळ करून येतं, कोणी जेवत असतं, घर कुडाचं आहे म्हणून एखादी संकोचते. तिचं घर सगळ्यांना दिसायलाच हवं असं काही नाही.

फळ्यावरून आठवलं. पाटीवर लिहून पाटी कॅमेऱ्यासमोर धरली की शिकवणारीला स्वतःच्या फोनवर अक्षरं उलटी दिसतात, आरशात दिसतात तशी. मग ती घाबरते आणि उलटं लिहायला बघते. तसं करू नका. उलटं फक्त तुम्हाला दिसतं, मुलींना सरळच दिसतं. पाटी आणि जाड खडू यापेक्षा वेगळा फळा आठ मुलींच्या वर्गाला लागत नाही.

इथपर्यंत आपण समोरासमोरच्या, म्हणजे चालू कॉलवरच्या वर्गाबद्दल बोललो. पण आमचा अनुभव असा, की आपल्या भागात इंग्रजीचा अर्ध्याहून जास्त अभ्यास चालू कॉलवर होऊच नये. तो व्हॉट्सॲपच्या आवाजी संदेशावर व्हावा. कारण सांगतो. इंग्रजीत "स" आणि "फ" सारखे आवाज, "पिन" आणि "बिन" सारखे जवळजवळचे शब्द, हे कानाला नीट ऐकू आले तरच जिभेला जमतात. रेंज कमी झाली की चालू कॉलमध्ये नेमके हेच बारीक आवाज आधी हरवतात. मुलीला "सिक्स" ऐकू येतं की "फिक्स", तिलाच कळत नाही, आणि चुकलं की तिला वाटतं आपल्यालाच येत नाही. आवाजी संदेशाचं तसं नाही. तो शिकवणारीच्या फोनमध्ये आधी पूर्ण भरला जातो, मग जातो. रेंज वाईट असेल तर उशिरा पोहोचतो, पण पोहोचतो तो अख्खा. मिनिटभराच्या संदेशाला एक एमबीसुद्धा लागत नाही. मुलगी तो दहा वेळा ऐकू शकते, रात्री फोन घरी आल्यावर ऐकू शकते, टाकीवर जाऊन एकदम चार उतरवून घेऊन खाली घरी बसून ऐकू शकते.

आणि उत्तरही ती आवाजातच पाठवते. पहिलं रेकॉर्ड केलेलं आवडलं नाही तर पुसून दुसरं करते. चालू वर्गात चुकलं की चारजणी हसतात, इथं तिची चूक फक्त ताईच्या कानात जाते. ज्या मुलीच्या घरी वारली बोलतात, शाळेत मराठी आणि पुस्तकात इंग्रजी, तिला तिसऱ्या भाषेत चारचौघांत चुकायचं धाडस होत नाही. त्या मुलीसाठी ही आडोशाची जागा फार मोलाची आहे. शिकवणारीला वारली येत असेल तर अर्थ वारलीत सांगावा, त्यात कमीपणा काही नाही. भात, चिकू, बकरी, कोयता, तारपा, घरात डोळ्यांसमोर आहे त्याचीच वाक्यं करावीत. "धिस इज अवर गोट" म्हणताना शेळी दारात ओरडत असली तर उत्तमच.

व्हॉट्सॲपवर मात्र एक धोका नीट समजून घ्या. ग्रुप केला की ग्रुपमधल्या प्रत्येकीचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. आठ मैत्रिणींचा ग्रुप असेल तर चालतं. पण "गावातल्या सगळ्या मुलांसाठी इंग्रजी" असा मोठा ग्रुप झाला, त्यात ओळखीचे-बिनओळखीचे शिरले, की वयात आलेल्या मुलींचे नंबर अनोळखी हातात गेलेच. त्यावर उपाय व्हॉट्सॲपमध्येच आहे, त्याला ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणतात. शिकवणारी एकदाच संदेश पाठवते, तो प्रत्येकीला वेगळा पोहोचतो, कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही, आणि मुलीचं उत्तर फक्त शिकवणारीकडं येतं. अट एवढीच, की मुलीच्या फोनमध्ये शिकवणारीचा नंबर सेव्ह असला पाहिजे, नाहीतर संदेश पोहोचत नाही. आम्हाला तर ग्रुपपेक्षा हीच रीत बरी वाटते.

चालू वर्गाची लिंकही अशीच जपायची. लिंक मोठ्या ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकायची नाही. झूममध्ये वेटिंग रूम चालू ठेवायची, म्हणजे येणारा आधी ओटीवर थांबतो आणि शिकवणारी नाव बघून आत घेते. मीटमध्येही आत घेण्याची परवानगी मागितली जाते. न ओळखलेलं नाव असेल तर आवाज देऊन विचारायचं, लाजायचं नाही. कोणत्याही खऱ्या वर्गाला ओटीपी लागत नाही, यूपीआयचा पिन लागत नाही. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकायला सांगितलं, तर ते पैसे येत नाहीत, जातात. पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करायचा, आणि मुलीला कोणी त्रास देत असेल तर १०९८. हे दोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ज्या घरी नुसता बटणाचा फोन आहे, त्यांचं काय? त्यांच्यासाठी साधा कॉन्फरन्स कॉल आहे. शिकवणारी एकीला फोन लावते, मग दुसरीला, आणि जोडत जाते. साधारण चार-पाच जणी एकत्र येतात. इंटरनेट लागत नाही, ॲप लागत नाही, खातं लागत नाही. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं असं नुसतं बोलणं झालं तरी पुष्कळ. लोकांना हा वर्ग वाटतच नाही, कारण त्याला नाव नाही आणि जाहिरात नाही. पण कमजोरातल्या कमजोर फोनवर चालणारा वर्ग शोधायचा म्हटलं, तर पहिला नंबर याचाच.

एकेका मुलीच्या हातात एकेक फोन हवाच, असंही नाही. आपल्या महाराष्ट्रातलंच एक उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यातल्या फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी सुरू केलेली प्रगत शिक्षण संस्था आहे. शिक्षणतज्ज्ञ सुगाता मित्रा यांच्या "स्कूल इन द क्लाउड" या प्रयोगाचं एक केंद्र तिथं झालं. त्या प्रयोगाच्या जोडीला "ग्रॅनी क्लाउड" म्हणजे आज्यांचा एक गोतावळा होता. ब्रिटनमधली आणि इतर देशांतली, बरीचशी निवृत्त झालेली माणसं, स्काइपवरून भारतातल्या मुलांशी इंग्रजीत बोलायची. व्याकरण शिकवायचं नाही, गोष्ट सांगायची, चित्र दाखवायचं, मुलांना विचारायचं, आणि मुलांनी काही केलं की नातवाचं करावं तसं कौतुक करायचं. इथं मुलं घोळक्यानं एका पडद्यासमोर बसत. म्हणजे एक जोडणी, एक पडदा, पुष्कळ मुलं. आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे. पाड्यावर एकीच्या ओटीवर, किंवा ग्रामपंचायतीत इंटरनेट चालू असेल तर तिथं, एकच चांगला फोन स्टँडला लावायचा, छोटा स्पीकर जोडायचा, आणि पाच मुलींनी त्याभोवती बसायचं. चार पाड्यांवर असे चार घोळके, आणि शिकवणारी पाचव्या ठिकाणी. डेटा पाच जणांचाच लागतो. एक मोठी बाई सोबत बसलेली असली की घरचेही निर्धास्त. स्पीकरसाठी गटातून छोटं अंतर्गत कर्ज काढायला हरकत नाही, तो पुढं बैठकीलाही कामाला येतो.

फलटणच्या गोष्टीतून आणखी एक घेण्यासारखं आहे. ज्या स्काइपवर त्या आज्या बोलायच्या, ते स्काइप मे २०२५ मध्ये कंपनीनं बंदच करून टाकलं. त्याआधी २०२४ संपताना गुगलनं त्यांचा जॅमबोर्ड नावाचा फळा बंद केला. मीटचा वर्ग कोरोनात फुकट हवा तेवढा चालायचा, २०२१ च्या मध्यापासून त्याला तासाची मर्यादा आली. झूमवर दोघींचा वर्ग अमर्याद चालायचा, त्यालाही २०२२ मध्ये ४० मिनिटांची अट लागली. फुकटची जागा मालकाच्या मर्जीची असते, भाड्याच्या शेतासारखी. म्हणून धडे कोणत्याही ॲपमध्ये ठेवायचे नाहीत. धडे शिकवणारीच्या वहीत. आज झूमवर, उद्या आणखी कशावर, वही तीच. हजेरीही वहीत. फुकटच्या मीटमध्ये वर्ग रेकॉर्ड करता येत नाही आणि फुकटच्या झूममध्ये फोनवरून करता येत नाही, त्याचंही वाईट वाटून घेऊ नका. वर्ग संपला की त्या दिवसाची पाच वाक्यं आवाजी संदेशात बोलून पाठवायची. ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग कोणी परत ऐकत नाही, दोन मिनिटांचा संदेश ऐकते.

आता शिकवणी विकायला येणाऱ्यांबद्दल. आमच्या एका गटात अशी एक टीम टॅब घेऊन आली होती. वर्षभराचा इंग्रजीचा कोर्स, सुंदर चित्रं, फाडफाड बोलणारी कार्टून, आणि "आत्ता काही भरायचं नाही, नंतर हप्ते." दोन घरांनी अंगठे दिले. मग कळलं, की ते हप्ते म्हणजे फायनान्सचं कर्ज आहे आणि बँक खात्यातून आपोआप कापलं जाणार आहे. वर्ग तर आधीच भरून ठेवलेले व्हिडिओ होते, मुलीचं बोलणं ऐकणारं पलीकडं कोणी नव्हतंच. कंपनीचं नाव घेत नाही, अशा पुष्कळ आहेत. कोणी आलं तर विचारा: समोर जिवंत शिक्षिका आहे की व्हिडिओ? एका तुकडीत किती मुली? महिन्याभरात सोडलं तर पैसे परत मिळतात हे कागदावर लिहून देता का? हप्ता आहे तर कर्ज कोणाकडून, आणि खात्यातून कापण्याची परवानगी कोणत्या कागदावर घेताय? आणि शेवटी गटातला सगळ्यात जुना फोन त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, यावर चालवून दाखवा. निम्मे तिथंच पाणी पितात आणि निघतात. तोच पैसा पाड्यावरच्या सुनेला महिन्याची फी म्हणून दिला, तर तो गावातच राहतो आणि मुलीला नावानं ओळखणारी शिक्षिका मिळते.

शिकवणाऱ्या सुनांना एक सांगणं. वेळ तुम्ही ठरवू नका, वहीतली फोनची पाहणी ठरवेल. आमच्याकडं संध्याकाळी आठनंतर सगळं गाव फोनवर असतं आणि इंटरनेट रांगतं. पहाटे साडेसहाला रेंज मोकळी असते, फोनही घरात असतो, कंपनीची गाडी यायला वेळ असतो. चालू वर्ग आठवड्यातून दोनदा पुरे, तोही सकाळी, आणि मधल्या दिवसांत आवाजी संदेश. वर्ग सुरू करताना सगळ्यांचे माइक बंद करा, नाहीतर आठ पाड्यांचे कोंबडे एकदम आरवतात. पहिला चालू वर्ग अभ्यासाचा धरूच नका, नुसता दार उघडून आत येण्याचा सराव करा: लिंक कुठं दाबायची, माइक कुठं, नाव कसं बदलायचं. त्यात एखादी येऊ शकली नाही तर दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन फोन हातात घेऊन बघा. ते लांबून समजावता येत नाही.

आणि हे सगळं भातकापणी संपायच्या आत करायचं आहे. कापणी झाली, दिवाळी झाली, की आपली कितीतरी कुटुंबं वसई-भिवंडीकडं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. दहावीची परीक्षा नेमकी त्या महिन्यांत येते. भट्टीवर गेलेली मुलगी शाळेपासून तुटते, पण तिच्या आईचा फोन भट्टीवर तिच्यासोबत असतो. आपण निवडलेल्या ॲपची खरी परीक्षा तिथं आहे. तिथं झूम चालेलच असं नाही, ४० मिनिटं मोकळी मिळतीलच असं नाही. रात्री विटा थापून झाल्यावर दोन मिनिटांचा आवाजी संदेश मात्र ती ऐकू शकते आणि दोन वाक्यं बोलून परत पाठवू शकते. म्हणून पुढच्या बैठकीत फोनच्या पाहणीच्या वहीत आणखी एक रकाना पाडा: दिवाळीनंतर कोणतं घर कुठं जाणार, आणि त्यांच्यासोबत कोणता नंबर जाणार. तो नंबर निघण्याआधी शिकवणारीकडं सेव्ह झाला पाहिजे, आणि शिकवणारीचा त्यांच्याकडं.